तुझ्या झोपेबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणाला ना की आठ तास झोपूनही सकाळी अंग जडच असते अन् हातातलं स्मार्ट घड्याळ डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप, फक्त ४० मिनिटं दाखवते, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच सुरू आहे बे, म्हणून हे लांबलचक पत्र.

त्या आकड्याचं टेन्शन घेऊ नको. घड्याळ हाताची हालचाल न् हार्टबीट पाहून अंदाज सांगते, मेंदूच्या लहरी त्याला कुठून दिसणार? पण तुझा थकवा खरा आहे. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या काही तासांतच लागते, अन् तू नागपूरच्या मिहानमधल्या कामावरून उशिरा येतो, झणझणीत सावजी खातो, वरून चहा मारून लगेच आडवा होतो. चहाकॉफीतलं जवळपास अर्धं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असते, मग झोप लागली तरी वरवरचीच. दुपारनंतर चहा बंद कर भाऊ.

अन् आपला उकाडा! गाढ झोप लागायला शरीर आतून जरा थंड व्हावं लागते, अन् मे महिन्यात पारा ४५ ला, रात्रीही भिंती तापलेल्या, होणार कसं? कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवत जा, दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं आंघोळ कर, कातडीकडचं रक्त वाढते न् आतली गरमी बाहेर पडते.

पण मला खरी काळजी तुझ्या घोरण्याची आहे. पचमढीला तू घोरता घोरता मधेच गप्प व्हायचा, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास घ्यायचा, मी रात्रभर पाहत होतो. हा स्लीप ॲप्निया असू शकते. यात घशातली श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन कमी होतो, अन् श्वास सुरू करायला मेंदू दरवेळी झोपमोड करतो, सकाळी आपल्याला आठवतही नाही. बीपी वाढतो, दिवसा डुलक्या येतात, अन् तू रोज वर्धा रोडनं बाईक चालवतो, मला त्याचीच भीती वाटते. दारूनं घसा अजून सैल पडतो, तेव्हा पार्ट्या सध्या राहू दे. मनानं झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नको.

वहिनींना सांग, दोन-चार रात्री तुझं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊ, त्यांना वाटलं तर स्लीप स्टडी सांगतील, रात्रभर अंगाला तारा लावून झोपायचं, दुखत वगैरे काही नाही. शनिवारी मला सुट्टी आहे, गाडी घेऊन मीच येतो, तू फक्त नाही म्हणू नको.

तुझाच,
दोस्त