लोणावळ्यात काय झालं?

येळ्ळूर,
७ डिसेंबर २०२५

प्रिय बाळू,

तुझा फोन आला तेव्हा मी खळ्यावर होतो. मळणीच्या मशीनच्या आवाजात तुझं "संपवला काय रे?" एवढंच ऐकू आलं. संपवला की. 'द फॅमिली मॅन'चा, गुप्तहेर श्रीकांतच्या त्या मालिकेचा, तिसरा सीझन, सातही भाग, दोन रात्रीत. खरं मला जे सांगायचं आहे ते फोनवर बोलून होण्यासारखं नाही, म्हणून सुगीच्या धांदलीतही कागद घेऊन बसलोय.

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या चहाच्या टपरीवर सगळे नुसते पेटलेत. जवळजवळ साडेचार वर्षं वाट बघायला लावली आणि शेवट असा मधेच तोडला! लेथवरचा आमचा कन्नड दोस्त तर म्हणतो, ताट वाढून पुढ्यातनं ओढून घेतल्यासारखं वाटलं. मलाही राग आला. थांबवायचं असेल तर थांबवा, त्यालाही एक जागा असते. पहिला सीझनही अर्ध्यावरच थांबला होता. दिल्लीच्या त्या केमिकल कारखान्यात वायू सुटला आणि आपण पावणेदोन वर्षं लटकलो. खरं तेव्हा चीड आली नव्हती, काळजी लागली होती. श्रीकांतच्या तुकडीतला मिलिंद जगला का, एवढंच तू विचारत होतास. आणि दुसऱ्या सीझनमध्ये तो गेला, त्या दिवशी तुझा मेसेज आला, "आपला मिलिंद गेला." आपला!

२०१९ ची तुझी टिळकवाडीतली खोली आठवते? पाच जण, एक मोबाईल, तोही तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. पहिल्या सीझनमधला तो गरीब वाटणारा पोरगा, मुसा, अतिरेकी निघाला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. तू उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलास. मी चहा घेऊन आलो तर म्हणालास, "अरे, मी त्या पोरासाठी मनातल्या मनात देवाला हात जोडले होते." दवाखान्यातल्या खाटेवरचं ते पडलेलं तोंड, आईचं नाव काढलं की भरून येणारे डोळे. आपण पाचही जण त्याच्या बाजूचे होतो. नंतर मी तो भाग एकट्यानं परत बघितला. त्याचं हसणं तेच, बोलणं तेच. एक अक्षर बदललेलं नाही, फक्त मला आता ठाऊक होतं. नीरज माधव या नटाला मी त्या दिवसापासून मानतो. लेखकांनी आपल्यापासून काही चोरून ठेवलं नव्हतं. सगळं समोर होतं, आपणच मायेनं बघत होतो.

हल्ली बाकीच्या हेर-मालिका बघताना लोक पहिल्या भागापासून फितूर शोधत बसतात. ऑफिसातला साहेब, शांत बसणारी पोरगी, कॉफी आणून देणारा. तिसऱ्या भागापर्यंत टपरीवर पैजा लागतात. असला फितूर सापडला तरी काही हलत नाही रे आत. ज्याच्यावर जीव लावलाच नाही, तो फिरला काय आणि न फिरला काय! ब्रिटनमध्ये २००२ साली 'स्पूक्स' नावाची मालिका आली. तिच्या दुसऱ्याच भागात एका तरुण नायिकेचं तोंड उकळत्या तेलात बुडवलं आणि मग तिला गोळी घालून मारलं. जी शेवटपर्यंत राहणार असं लोक धरून चालले होते तीच गेली, आणि बीबीसीकडे तक्रारींचा ढीग पडला. ते वाचल्यावर मला तुझा तो कट्टा आठवला.

आता मुख्य गोष्ट. २०२१ च्या जूनमध्ये लॉकडाऊन होता, कारखाना बंद, तेव्हा दुसरा सीझन मी घरी आईसोबत बघितला. तमिळ बोलणं आलं की मी खालची अक्षरं वाचून सांगायचो. तिला ती तमिळ बंडखोर राजी आवडली, आणि श्रीकांतचं अडलं की फोनवर माहिती देणारे म्हातारे हेर चेल्लम सर तर फारच. कुठलंही काम अडलं की अजून म्हणते, "चेल्लमला लाव की फोन." आणि तेव्हा बाहेर सगळीकडे एकच प्रश्न चालला होता, पहिल्या सीझनमध्ये श्रीकांतची बायको सुचित्रा ऑफिसातल्या सहकाऱ्यासोबत लोणावळ्याला राहिली आणि पुढचं दाखवलंच नाही, तर लोणावळ्यात काय झालं? तू पुण्याहून रेल्वेनं मुंबईला निघालास की आपणही तेच विचारायचो आणि हसायचो. सुचित्रावर लोक काय काय बोलले! आपणही बोललो, बाळू. टपरीवर मी स्वतः बोललोय आणि आज त्याची मला लाज वाटते.

कारण आई तेव्हा तांदूळ निवडत होती. सुपातनं मान वर न काढता म्हणाली, "तो श्रीकांत रोज घरात खोटं बोलतो, ते देशासाठी. तिनं एक गोष्ट पोटात ठेवली तर तुमच्या पोटात दुखायला लागलं होय?" मी म्हटलं, त्याचं कामच तसं आहे. तर म्हणाली, "बहिर्जी नाईकाच्या घरात कोण होतं, कधी सांगितलं काय रे कुणी तुम्हाला?"

मी गप्प झालो. लहानपणापासून बहिर्जीची सोंगं ऐकलीत आपण, फकीर झाला, भिकारी झाला. घरी परतल्यावर दार कोण उघडायचं, हे मला कधी सुचलंही नव्हतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सुचित्रा सांगायला तोंड उघडते आणि तिथंच कापलंय. तेव्हा मला वाटलं, फसवलं आपल्याला. आई म्हणाली, "रडली बघ. हलकी झाली." आम्ही दोघं एकाच पडद्याकडं बघत होतो. मला उत्तर हवं होतं, तिला ती बाई दिसत होती. तिसरा सीझन बघताना मी पहिल्यांदा सुचित्रा झालेल्या प्रियामणीच्या तोंडाकडं नीट बघितलं. बोलण्यापेक्षा न बोलण्यात ती किती काय करते! टपरीवर हे सांगून बघितलं. दोघांनी ऐकलं, बाकीचे शेवटावरच भांडत राहिले.

आईनं पहिला सीझन बघितलेला नव्हता. आता हट्टच धरलाय, लोणावळा मुळापासून बघायचा म्हणून. रात्री भांडी झाली की एक भाग. काल मुसाचा दवाखान्यातला प्रसंग लागला. आई पुढं सरकून बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ह्या पोराला काही होऊ देऊ नकोस रे देवा. आई वाट बघत असंल त्याची."

मी उठून अंगणात आलो. काय बोलणार?

संक्रांतीला ये. नवा बासमती काढून ठेवलाय तुझ्यासाठी. आणि त्याआधी आईचा फोन आला, मुसाचं पुढं काय होतं असं विचारलं, तर काही सांगू नकोस.

तुझा,
सुरेश