दगड हलता कामा नये

मिसुला, मोंटाना
17 सप्टेंबर 2023

प्रिय सुजाता,

सप्रेम नमस्कार.

"अमेरिकेत जाऊन शेवटी रस्त्याचीच कामे करतेस का?" हा तुझा प्रश्न जुलैत आला आणि उत्तर आज लिहिते आहे. दहा दिवस रानात आणि चार दिवस गावात अशी आमची पाळी असते, आणि ते चार दिवस कपडे धुण्यात व झोपण्यात संपतात. बाबांनी तर या कामाला सरळ हमाली म्हणून टाकले. तर होय, रस्त्याचीच कामे करते. फक्त हा रस्ता जेमतेम दोन हात रुंद असून त्यावरून माणसे, घोडे आणि खेचरे चालतात.

आमची सहा जणांची तुकडी बॉब मार्शल नावाच्या संरक्षित रानात असते. दहा लाख एकरांहून मोठ्या या रानात मोटारीचा रस्ताच नाही. जड अवजारे आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून येतो. अस्वलांमुळे खाण्याचे सगळे जिन्नस, अगदी दात घासायची पेस्टसुद्धा, रात्री लोखंडी पेटीत बंद करावे लागतात. 1964 च्या कायद्याने अशा रानांत मोटारीवर चालणाऱ्या यंत्रांना मनाई केली आहे, म्हणून वाटेवर आडवी पडलेली झाडे आम्ही दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतो.

ही करवत ओढायची असते, ढकलायची कधीच नाही; ढकलली की पाते वाकते आणि पलीकडचा माणूस वैतागतो. आपण दोघी जात्यावर बसायचो तेव्हा, आपला ओढा झाला की हात सैल सोड, असे तुझी आजी सांगायची, ते मला पहिल्याच दिवशी आठवले. धार नीट लावलेली असेल तर भुशाऐवजी लाकडाच्या शेवया बाहेर पडतात (इथे त्यांना नूडल्स म्हणतात, पण शेवयाच त्या). दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका वरून कापत गेले की चीर मिटते आणि करवत आत अडकते. म्हणून वेळीच पाचर ठोकावी लागते. जूनमध्ये मी ती ठोकायला विसरले आणि पाऊण तास सगळी तुकडी माझ्यामुळे खोळंबली.

झाडे कापतानाचे फोटो चांगले येतात, पण खरे काम पाण्याचे आहे. वाट माणसांच्या पायांनी झिजते त्याहून अधिक पाण्याने झिजते, हे गडावर दर रविवारी राबणाऱ्या तुला मी काय सांगावे! वितळलेल्या बर्फाचे किंवा पावसाचे पाणी एकदा वाटेवरून धावू लागले की वाटेचाच ओहोळ होतो, लोक तो टाळून बाजूने चालतात आणि मग गवतात दुसरी वाट पडते. म्हणून आम्ही वाटेला दरीच्या बाजूस किंचित उतार देतो आणि चढावर तिरके दगड पुरून पाणी बाहेर काढतो. माझा पहिला दगड बसवायला मला जवळजवळ अर्धा दिवस लागला. पहारीने रेटत, लोळवत आणलेला तो धोंडा मी मोठ्या अभिमानाने दाखवला. तुकडीप्रमुख त्यावर उभी राहिली, तिने टाच जरा इकडेतिकडे केली आणि दगड नखभर हलला. "काढ," एवढेच ती म्हणाली. दोन तृतीयांश दगड जमिनीत गेला पाहिजे, वर दिसतो तो केवळ त्याचा माथा, हे मी त्या दिवशी घाम गाळून शिकले.

तरुणांच्या तुकड्यांकडून रानातली अशी कामे करून घेण्याची पद्धत इथे जुनी आहे. महामंदीत, 1933 साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी अशीच एक फौज उभारली. ती 1942 पर्यंत चालली आणि सुमारे 30 लाख तरुणांनी तीत वाटा, पूल आणि वृक्षलागवडीची कामे केली. महिना 30 डॉलर मिळत, त्यांतले 25 डॉलर थेट घरी जात. मुलींना तीत प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय मुलांच्या छावण्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या असत, हे मात्र कौतुकाच्या भरात कोणी सांगत नाही.

हे ऐकताना मला पुन्हा तुझी आजीच आठवली. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, आणि तिच्या हातांना कोणी कधी कौतुकाने पाहिले नाही. आम्हाला मात्र वाटेत भेटणारे प्रवासी थांबून धन्यवाद देतात. मी नोकरी सोडून स्वतःच्या मर्जीने इथे आले आणि कंटाळले तर उद्या परत जाऊ शकते, हाच काय तो फरक. हातावरचे घट्टे सारखेच आहेत. बाबांच्या 'हमाली'मागे तीच भीती असावी, असे आता वाटते. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असेही नाही. मिळणाऱ्या मानधनात गावातले भाडे भागत नाही, माझे बूट मी स्वतःच्या पैशांनी दोनदा घेतले, आणि बर्फ पडू लागला की आम्ही सगळेच बेकार. हंगामाचे तास पूर्ण झाले तर शिक्षणासाठी काही रक्कम मिळेल. तिच्यावर वनशास्त्राचा अर्ज करायचे मनात आहे. घरी अजून बोलले नाही, तेव्हा तूही काकूंना सांगू नकोस.

गुरुवारी पहाटे खेचरे निघतील, ही या वर्षाची शेवटची फेरी. गडाच्या दुसऱ्या दरवाजाखाली तुम्ही उन्हाळ्यात काढलेला चर या पावसात टिकला की गाळाने भरला, ते कळव. आणि भरला असेल तर चराच्या तोंडाचा फोटो पाठव, उतार किती ठेवला होता ते मला पाहायचे आहे.

तुझी,
मृणाल