घरकर्ज, मयत कर्जदार आणि वारसांची धावपळ

संपादक महोदय,

घरावर कर्ज असताना कर्ता माणूस गेला की दिवसांना आलेले लोक दोन प्रकारचे सल्ले देतात, एक म्हणतो माणसाबरोबर कर्जपण गेलं, दुसरा म्हणतो आता पोराच्या पगारातून कापणार. आमच्या शेजाऱ्यांकडे गेल्या पावसात हेच चाललेलं. दोन्ही चूक आहे म्हणून लिहितोय.

मालक गेला म्हणून घराचं गहाण सुटत नाही. पण वारसांची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये तसं आहे, पोराने स्वतः कमावलेल्या पैशाला हात लावता येत नाही. फक्त त्याने को-बॉरोअर (सहकर्जदार) किंवा जामीन म्हणून सही केलेली नसावी, ती असेल तर वारस वगैरे बाजूला, सगळी थकबाकी त्याच्याकडून मागता येते. आणि आपण वाचून सही करतो कुठे? बँकवाला पेन्सिलने फुल्या मारून देतो, आपण तिथे तिथे सह्या ठोकतो.

गोव्यात यात आणखी भानगड आहे. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर बायकोचा अर्धा हिस्सा पहिल्यापासून तिचाच, म्हणून तर गहाण ठेवताना दोघांच्या सह्या घेतात. नवरा गेला की त्याचा अर्धा मुलांकडे, लग्न झालेल्या मुलींकडे पण, आणि मुलगी म्हटली की जावयाची सही आली, तो बसलाय मस्कतला! हे सगळं दाखवायला सब-रजिस्ट्रारकडे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, वाटणीवरून वाजलं तर कोर्टात इन्वेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, त्याला वेळ लागतोच. शेजाऱ्यांच्या बँकेचा छापील फॉर्म मात्र परराज्यातला, त्यात लीगल हेअर सर्टिफिकेट मागितलेलं, डीड ऑफ सक्सेशन दाखवलं तर मॅनेजर म्हणे हे काय ते हेड ऑफिसला विचारतो. गोव्याचा हा वारसा कायदा २०१२ चा आहे हो, २०१६ पासून लागू आहे.

बँकेचं घड्याळ मात्र थांबत नाही. मृत्यूचा दाखला दिला की खातं फ्रीज होतं आणि हप्ता त्याच खात्यातून कटत असतो, म्हणजे पैसे त्याच बँकेत पडून, तरी ईएमआय बाऊन्स आणि वर दंड. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा कायदा) ६० दिवसांची नोटीस. त्या नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं, पण घाबरून कोणी लिहीतच नाही.

कर्जाच्या विम्याचं पण बघा. पुष्कळदा एकरकमी प्रीमियम कर्जातच घातलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो, शेजाऱ्यांची पॉलिसी सँक्शन लेटरच्या (कर्जमंजुरीच्या पत्राच्या) मागच्या पानांत सापडली, तोवर हप्ते थकलेले. दोघांच्या नावावर कर्ज असून विमा एकट्याचाच असंही असतं, ते आधीच तपासावं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलंय की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, आणि कर्जदार मयत झाला तर वारसांना कागद कसे देणार ते वेबसाइटवर टाकायचं. वेबसाइट कोण बघतो? डिचोली, वाळपई, पेडण्याच्या शाखांत मराठी-कोंकणीतून बोर्ड लावा, गोव्यात कुठले कागद चालतात तेही त्यावर लिहा. आणि मयताच्या घरचं कोणी हप्ता भरायला आलं तर आधी वारस दाखला आणा म्हणून परत पाठवू नका, लोन अकाउंट नंबर द्या आणि पैसे घ्या.

एक वाचक, डिचोली