२९ नंबरचं तांबं

सोलापूर,
श्रावणातला रविवार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणजे नुसतं पाठांतर आहे. ११८ नावं, ११८ आकडे. यात समजायचं काय?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून बोलता आलं नाही, पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. मी आयटीआयपुढे शिकलो नाही. तरी त्या तक्त्यातल्या एका घराशी माझी बावीस वर्षांची ओळख आहे, म्हणून लिहायला बसलो.

यंदा पावसाने ओढ दिलीय. विहिरीवरच्या मोटरी पुन्हा चालू झाल्यात आणि आपल्याकडे रिवाइंडिंगला, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायला, रांग लागलीय. काल मोहोळकडून एक पाच एचपीची आली. विजेच्या तीन फेजपैकी एक गेला होता, उरलेल्या दोनवर मोटर ओढत राहिली आणि जळाली. आपण 'मोटर जळाली' म्हणतो, पण जळतं ते तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, आणि तार बसते त्या खाचेतला कागद. छिन्नीने कॉइलचं डोकं उडवलं आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढलं, तर कोळशासारखी काळी गुंडाळी बाहेर आली. त्यातली एक तार ब्लेडने खरवडली. आत लालबुंद तांबं. लहान असताना तू हे बघायला स्टुलावर चढून बसायचीस आणि दर वेळी विचारायचीस, "आतलं चांगलं आहे ना, अण्णा?" ते चांगलंच असतं.

ती तार म्हणजे तुझ्या तक्त्यातलं २९ नंबरचं घर. अणूच्या केंद्रकात २९ प्रोटॉन असले की ते तांबं. २८ असते तर निकेल, ३० असते तर जस्त. बाहेर तेवढेच इलेक्ट्रॉन, एकेका कक्षेत २, ८, १८ असे आणि शेवटच्या कक्षेत एकटा १. हा एकटा फारसा बांधलेला नसतो, तारेभर हिंडत असतो. असे सगळे मिळून एका दिशेने सरकू लागले की आपण म्हणतो करंट आला. आता तांब्याच्या खाली बोट सरकव. ४७ चांदी, ७९ सोनं. दोघांच्याही शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. आणि वीज सगळ्यांत सहज वाहून नेणारे पहिले तीन धातू कोणते? चांदी, तांबं, सोनं. तिघंही एकाच उभ्या रांगेत. त्या रांगेला कारण आहे, आणि कारण कळलं की आकडे आपोआप ध्यानात राहतात.

मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ साली हा तक्ता मांडला तेव्हा फक्त ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि प्रोटॉन तर कुणाला ठाऊकच नव्हता. जिथे गुणधर्म जुळेनात तिथे त्याने घर मोकळं सोडलं. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला त्याने नाव दिलं 'एका-ॲल्युमिनियम'. हे 'एका' म्हणजे आपल्या संस्कृतातलं 'एक', ॲल्युमिनियमनंतरचं पहिलं घर. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं आणि ते नेमकं त्या घरात बसलं. सापडवणाऱ्याने घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्हने कळवलं, पुन्हा मोजा, ती ५.९ च्या आसपास असायला हवी. पुन्हा मोजली, तर ५.९ च भरली. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याचं बरोबर निघालं! मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी तुझ्या आईला उठवून सांगितलं होतं. आणखी एक, गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळतं. आपल्या चैत्रात टेबलावर ठेवलं तर त्याचं पाणी होईल.

याच रांगेत गॅलियमच्या खाली ४९ नंबरचं इंडियम आहे. तुझ्या मोबाइलच्या काचेवर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा थर असतो. तो वीज वाहून नेतो आणि आरपार दिसतोही, म्हणून बोट लावलं की पडद्याला कळतं. इंडियमची स्वतंत्र खाण जवळपास नसतेच, ते जस्त काढताना थोडंथोडं हाती लागतं. २०१९ साली मेंडेलीव्हच्या तक्त्याला १५० वर्षं झाली, तेव्हा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी एक वेगळाच तक्ता काढला. जे मूलद्रव्य पृथ्वीवर जितकं, तितकं त्याचं घर मोठं. त्यात इंडियमचं घर लाल रंगवलं होतं, म्हणजे येत्या शंभर वर्षांत टंचाईचा गंभीर धोका.

इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं ते सांगायचंय. धातू 'संपतो' म्हणजे त्याचे अणू नाहीसे होत नाहीत. ते विखुरतात. कालच्या मोटरीतून साडेतीन किलो जुनं तांबं निघालं. ते मोडीत जाईल, वितळेल, पुन्हा तार होईल आणि विजेसाठी पहिल्याइतकंच चांगलं चालेल. आजीने तुझ्या बारशाला मोड देऊन नवा तांब्या घेतला होता, त्यातलं तांबं तिच्याही आजीच्या घागरीतलं असेल. तेच खाणीतून काढायचं तर शंभर किलो दगडातून एक किलोही निघत नाही. इंडियमला मात्र मोड नाही. एका काचेवर ते इतकं पातळ पसरलेलं असतं की भंगारवाल्याच्या काट्याला ते कळतही नाही. लाखो फोन लाखो उकिरड्यांवर गेले की ते असूनही नसल्यासारखं.

मामाच्या डाळिंबाच्या बागेत तेच घडतं. डीएपी खताच्या पोत्यातलं फॉस्फरस, नंबर १५, झाडाला लागतं तेवढंच लागतं, बाकीचं मातीत अडकतं, त्यातलं काही पाण्याबरोबर वाहून जातं. उजनी धरणाचं पाणी हिरवं होतं त्यात वरून येणाऱ्या सांडपाण्याबरोबर या खतांचाही हात आहे. आणि फॉस्फरसची जागा दुसरं कोणतंच मूलद्रव्य घेऊ शकत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. धंद्याच्या सुरुवातीला मीही घाईत जुन्या कॉइल आणि केबल दुकानामागे पेटवून तांबं काढायचो. केबलवरच्या पीव्हीसीत क्लोरीन असतं, त्याचा धूर विषारी. शेजारच्या घरातलं लेकरू खोकून खोकून बेजार झालं, तेव्हा बंद केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता छिन्नीने एका मोटरीला तास जास्त लागतो, लागू दे.

पाकिटात बोटभर तार टाकलीय, साधारण एक ग्रॅमची. काळी आहे, तू खरवड. तिच्यात किती अणू असतील ते मोलच्या धड्यात काढून बघ. माझ्या हिशेबाने ९५ वर वीस शून्यं येतात, चुकलं असेल तर कळव.

कपाटात आपले तीन बंद मोबाइल पडून आहेत. दिवाळीला आलीस की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी आपण दोघं देऊन येऊ, तोवर भंगारवाल्याला द्यायचे नाहीत असं आईला बजावलंय. तिने शेंगाचटणी पाठवलीय. स्टीलचा डबा तेवढा आठवणीने परत आण.

तुझे,
अण्णा