जंगलावरची लहान विमाने आणि त्यांचा ठावठिकाणा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण विमानांपासून गडचिरोलीत ये-जा करणाऱ्या हेलिकॉप्टरांपर्यंत, विदर्भाच्या जंगलावरून लहान विमाने आणि हेलिकॉप्टर नेहमीच उडत असतात. त्यांच्याबद्दलची सार्वजनिक चर्चा मात्र धावपट्टीची लांबी आणि भूसंपादन यांपुढे सरकत नाही. उष्ण प्रदेशांतील जंगलांत गेल्या ऐंशी वर्षांत झालेले अपघात पाहिले, तर झाडीत पडलेल्या विमानातून वाचलेल्यांचे पुढे काय होणार हे बहुतेकदा एकाच गोष्टीवर ठरलेले दिसते: ते नेमके कुठे पडले, हे बाहेरच्यांना किती वेळात कळले.

२ ऑगस्ट १९४३ रोजी आसामातल्या चाबुआहून चीनकडे निघालेल्या अमेरिकी सी-४६ मालवाहू विमानाचे एक इंजिन नागा टेकड्यांवर बंद पडले. आत २१ जण होते. एकेकाने पॅराशूटने उड्या टाकल्या, पण त्याआधी रेडिओ ऑपरेटरने विमानाचे ठिकाण पुन्हा पुन्हा कळवले होते. त्यामुळे त्याच दिवशी मदतीची विमाने डोक्यावर आली, सामान टाकले गेले, डॉक्टरही पॅराशूटने उतरले. सहवैमानिक मरण पावला. उरलेले वीसच्या वीस जण ऐन पावसाळ्यात जंगल तुडवत मोकोकचुंगला सुखरूप पोहोचले.

न्यू गिनीत १३ मे १९४५ रोजी सी-४७ विमान डोंगरावर कोसळले तेव्हा २४ पैकी तिघेच वाचले. झाडांच्या छताखालचे अवशेष वरून दिसण्याजोगे नव्हते. जखमी अवस्थेत ते तिघे झाडी ओलांडून मोकळ्या जागेत आले आणि जीवरक्षक तराफ्याची पिवळी ताडपत्री पसरली, तेव्हा कुठे शोधविमानाला ते दिसले. पडल्यापासून तिसऱ्या दिवशी.

आता अलीकडचे पाहा. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेल्या हवाई दलाच्या एएन-३२ चे अवशेष आठ दिवसांनी, ११ जूनला, सुमारे १२,००० फुटांवर दिसले. शोधात सुखोई होती, सी-१३०जे होते, नौदलाचे पी-८आय होते, उपग्रह होते. विमानातील तेराही जण मृत्यू पावले. कोलंबियात १ मे २०२३ रोजी ॲमेझॉनच्या जंगलात पडलेले सेस्ना २०६ सापडायला दोन आठवडे लागले. त्यातून वाचलेली चार भावंडे तोवर दूर निघून गेली होती. ती सापडली ४० व्या दिवशी, विमानापासून जेमतेम पाच किलोमीटरवर, आणि मधल्या काळात शोधपथक त्यांच्या अगदी जवळून गेले होते. सैनिकांसोबत स्थानिक आदिवासी माग काढत नसते, तर ती सापडली असती का, याची आम्हाला शंका वाटते.

अशी जंगले आपल्याकडे नाहीत, असे कोणी म्हणेल. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लामलाच्या जंगलात कोसळले. ते जंगल मेळघाट-नवेगावसारखेच पानगळीचे. राज्याचा मुख्यमंत्री आत असूनही अवशेष दिसायला दुसरी सकाळ उजाडली. सप्टेंबरात पानगळीचे झाड पूर्ण पालवलेले असते, हे लक्षात घ्यावे. बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान १८ मार्च २०२३ रोजी बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात पडले, तेव्हा दोघांचा जीव गेला, पण ठिकाण त्याच दिवशी सापडले. मार्चमध्ये रान उघडे असते. तोच अपघात ऑगस्टमध्ये झाला असता, तर शोध इतका सोपा राहिला नसता.

ठिकाण कळवण्याचे काम ज्या उपकरणाचे, ते म्हणजे ईएलटी, आणीबाणीचा संदेश पाठवणारे यंत्र. ते शेपटीकडे बसवतात, कारण तो भाग सहसा कमी चिरडतो. आदळल्याचा झटका आतल्या जी-स्विचला बसला, की ते ४०६ मेगाहर्ट्झवर दर ५० सेकंदांनी पाच वॉटचा छोटा संदेश सोडते. त्यात विमानाची ओळख सांगणारा संकेतांक असतो. उपग्रह तो पकडून जमिनीवर देतात. आपल्याकडे हे संदेश हाताळणारे केंद्र बंगळूरूला इस्रोकडे आहे. यंत्राला जीपीएस जोडलेले असेल तर ठिकाण शंभरेक मीटरपर्यंत कळते. नसेल तर उपग्रहाच्या डॉपलर गणिताने, म्हणजे उपग्रह सरकताना लहरीत पडणाऱ्या फरकावरून, साधारण पाच किलोमीटरपर्यंत. पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ७८ चौरस किलोमीटर. भर पावसाळ्यात एवढे रान पायी पालथे घालायला किती दिवस लागतील, हे कोणताही वनरक्षक सांगेल. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झचे संदेश ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. ती लहर आता फक्त जवळ पोहोचलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यापुरती उरली आहे.

हे यंत्र ऐनवेळी फसते, त्याची कारणे बहुतेक साधी असतात. पाठीवरचा अँटेना फांदीला लागून मोडतो. धक्क्याने यंत्र बैठकीतून सुटते आणि अँटेनाची केबल उपटली जाते. अलास्कात ऑगस्ट २०१० मध्ये पडलेल्या ऑटर विमानात हेच घडले. चौघे जिवंत होते आणि ईएलटीचा संदेश कोणालाच पोहोचला नाही. तिथे यंत्र आवळण्यासाठी चिकटपट्टीसारखा, म्हणजे वेल्क्रोचा पट्टा होता. तो वर्षागणिक सैल पडतो. धातूचा पट्टा हवा, आणि केबलला थोडी ढील हवी. विमान उलटे पडले तर अँटेना धडाखाली दाबला जातो. जुने जी-स्विच फक्त पुढच्या दिशेचा झटका ओळखतात, तर हेलिकॉप्टर अनेकदा सरळ खाली आदळते. तिथे सर्व दिशांचा धक्का ओळखणारा स्विचच लागतो. बॅटरीची मुदत संपलेली असणे आणि विमान विकल्यावर संकेतांकाची नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहणे, हे दोन दोष तर कागद तपासूनच सापडतात. दुसऱ्या दोषात संदेश नीट पोहोचतो, पण बंगळूरूहून फोन भलत्याच माणसाला जातो.

म्हणून इंजिन बंद पडताच, खाली आदळण्याची वाट न पाहता, कॉकपिटमधला ईएलटीचा स्विच हाताने चालू करावा. वैमानिकाच्या खिशात स्वतंत्र वैयक्तिक बीकन, म्हणजे ठिकाण कळवणारे छोटे यंत्र, असावे. शिट्टी, आरसा, नारिंगी किंवा पिवळी चादर हे सामान मागच्या पेटीत न ठेवता अंगावर असावे, कारण आग लागली तर अंगावरचे तेवढेच वाचते. आणि ठिकाण कळवलेले असेल तर वाचलेल्यांनी विमान सोडून जाऊ नये. सोडावेच लागले, तर दिशा दाखवणारी खूण मागे ठेवावी.

विमाने मुळात पडतात का, याचेही थोडे. इंजिनाचा बिघाड हे एक कारण झाले. पण ठणठणीत विमान ढगातून थेट डोंगरावर नेले जाणे, हे जंगली मुलखात फार वेळा घडले आहे. ११ ऑगस्ट २००९ रोजी पापुआ न्यू गिनीत कोकोडाजवळ ट्विन ऑटर असेच गेले, १३ मृत्यू. १६ ऑगस्ट २०१५ रोजी इंडोनेशियातील पापुआत ओक्सिबिलजवळ एटीआर-४२ गेले, ५४ मृत्यू. जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा सर्किट ब्रेकर तिथले काही वैमानिक ओढून ती यंत्रणा बंद ठेवत, हे त्या तपासात नोंदले गेले. दरीत शिरल्यावर परत फिरायला जागा किती लागते, हे आधीच मोजून ठेवायचे असते. ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) वेगाने, ३० अंश कलून वळले तर वळणाचा व्यास सुमारे ७६० मीटर. १२० नॉटला तोच साधारण १,३५० मीटर. ४५ अंश कलले तर ९० नॉटला ४४० मीटर पुरतात, पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे नेमका घाबरलेल्या क्षणी पंखाखालचा आधार सुटतो. दरीच्या मधोमध उडणारा अर्धी रुंदी वाया घालवतो. एका कडेने उडावे, म्हणजे वळायला सगळी दरी मिळते. आपल्याकडे गाविलगडाची रांग फार उंच नाही, पण चिखलदऱ्याचे पठार सुमारे ११०० मीटरवर आहे आणि पावसाळ्यात ढग थेट त्यावर टेकतात.

विदर्भापुरते करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. जंगलावरून जाणाऱ्या प्रत्येक लहान उड्डाणाने दर अर्ध्या तासाला ठिकाण कळवावे आणि निरोप चुकला की घड्याळ सुरू व्हावे. ‘येईल थोड्या वेळात’ म्हणत तासभर थांबू नये. शोधाच्या पहिल्या फोनमध्येच वन विभाग हवा. बीट, कंपार्टमेंट (हे जंगलाचे वन विभागाने पाडलेले भाग), नाला, पाणवठा यांची माहिती बीट गार्डला आणि आसपासच्या गावकऱ्यांना असते. आवाज कोणत्या बाजूने आला, धूर कुठे दिसला, हे आधी त्यांनाच कळते.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट अक्षांश-रेखांशांची. वैमानिक २० अंश १८.५ मिनिटे असे सांगतो. मोबाइलवर ते २०.३०८ असे घालावे लागते. घाईत कोणी २०.१८५ टाकले, तर पथक १४ किलोमीटर चुकीच्या जागी जाते. विमानतळ, पोलीस आणि वन विभाग यांनी अंश-मिनिटांचा एकच नमुना ठरवून तो तक्ता प्रत्येक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावा.

दरवर्षी जूनपूर्वी या तिन्ही खात्यांनी एखाद्या दाट बीटमध्ये बीकन लपवून ते शोधण्याचा सराव करावा, अशी आमची विनंती आहे. सरावासाठी वेगळ्या लहरीचे प्रशिक्षण-बीकन मिळते, तेच वापरावे. खरे ४०६ चे यंत्र चालू केले तर खोटा इशारा जातो आणि खऱ्या शोधासाठी ठेवलेली माणसे धावत सुटतात.

आपले,
विमान देखभाल क्षेत्रातील निवृत्त अभियंते,
सोनेगाव, नागपूर