भुसा फुकट नसतो

मा. संपादक,

लाकडाच्या कचऱ्यापासून वीज बनवण्यावरचा कालचा लेख वाचला आणि राहवले नाही. लेखकाने इंधनखर्चापुढे शून्य मांडले आहे. सॉ-मिलचा भुसा आज कोण उकिरड्यावर टाकतो? पोल्ट्रीवाले नेतात, अगरबत्तीवाले नेतात, भुसा दाबून जळणाच्या कांड्या बनवणाऱ्या व्हाइट कोलवाल्यांचे ट्रक तर दारात उभे असतात. आणखी एक गिऱ्हाईक आले की भाव चढणारच.

माझी हयात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बॉयलरपुढे गेली. एका पावसाळ्यात एका पुरवठादाराने कोरडा म्हणून भुसा दिला. काट्याची पावती चोख. पण मुठीत दाबला की लाडू वळायचा, हात उघडला तरी फुटायचा नाही! भट्टीत टाकला की नुसता धूर, आणि प्रेशरचा काटा जागचा हलेना. कापड रंगवणारे डाइंगवाले स्टीमसाठी ओरडत होते आणि बोलणी आम्ही खाल्ली. पुरवठादाराला मात्र पूर्ण पैसे मिळाले, कारण सौदा टनावर होता. आम्ही चढ्या भावाने पाणी विकत घेतले, याचा राग अजून गेलेला नाही.

१० टक्के ओल असलेला भुसा किलोमागे ३९०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतो. ओल ५० टक्क्यांवर गेली की तोच १९०० वर येतो. वाळवून घेऊ म्हणावे, तर १ टन ओल्या मालाचा साडेपाचशे किलोच सुका माल हातात पडतो, आणि ड्रायर भुशावरच चालवला तर त्यातला शंभरेक किलो तिथेच जळतो. मोकळ्या भुशाने ट्रक वजन भरण्याआधीच भरतो, ते भाडे वेगळे. लेखात यातले एक अक्षर नाही.

लहान प्रकल्पात १ युनिट विजेला सव्वा ते दीड किलो सुके लाकूड लागते. म्हणजे लेखातला २ मेगावॉटचा प्रकल्प अखंड चालवायला रोज किमान ६० टन. एवढा माल हालोल, छोटा उदेपूरपर्यंत फिरून गोळा करायचा आणि वर स्वस्त वीज म्हणायचे, हे पटत नाही. शिवाय वीज करताना लाकडातली बहुतेक उष्णता वाया जाते. चांगल्या बॉयलरमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर कामी येते. तेव्हा भुसा जवळच्या कारखान्यात स्टीमसाठीच जाळावा आणि ओल मोजून त्याचा भाव ठरावा. वजनकाट्याशेजारी ओल मोजायचे यंत्र ठेवायला फार खर्च येत नाही.

आणखी एक. लेखात प्रकल्पाची क्षमता '२ मेगावॉट प्रतिदिन' अशी छापली आहे. मेगावॉटला प्रतिदिन लागत नाही. दिवसाची वीज युनिटमध्ये सांगतात. ही चूक आपल्या अंकात पूर्वीही झाली होती. तेव्हा मी पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही. निदान या वेळी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, दांडिया बाजार, वडोदरा