शंभराच्या पदकाचे एकशे पंचाण्णव कसे होतात

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

११०व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाची पहिल्या महायुद्धाच्या पदकांची जोडी (ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल) लिलावात १०० पौंडांना गेली आणि तीन महिन्यांनी तीच एका डीलरच्या टेबलावर १९५ची चिठ्ठी लावून बसलेली दिसली, म्हणून तू त्याला लुटारू ठरवलंस. आधी वही घे.

लिलावाच्या निकालात छापतात तो हातोडा पडला तेव्हाचा आकडा. घेणाऱ्याला त्यावर प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं शुल्क, पडतो, लंडनकडे २४ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट. म्हणजे त्याला ती जोडी १२८ पौंड ८० पेन्सला पडली. चिठ्ठीवर १९५ असले तरी गिऱ्हाईक घासाघीस करून १७५ला नेतं, आणि हे चिठ्ठी लिहितानाच त्याला ठाऊक असतं. फरक उरला ४६.२०. डीलर व्हॅटला नोंदलेला असेल तर जुन्या मालाच्या नियमाने फरकाचा सहावा हिस्सा, ७.७०, सरकारजमा. हाती साडेअडतीस. यातून टेबलाचं भाडं, पेट्रोल, कार्ड मशीनवाल्याची कापणी, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत अडकून पडलेले पैसे. लूट म्हणावी असं यात फारसं काही नाही.

आता तुझ्या बाजूने बघ, कारण घेऊन पुन्हा विकायचा तुझा विचार आहे. विकणाऱ्याकडूनही लिलाववाले कमिशन कापतात. १५ टक्के आणि त्यावर व्हॅट धरला तर १०० पौंडांच्या बोलीतले ८२ तुझ्या हातात. तू घेताना १२८.८० मोजलेस. तेवढेच परत यायला पुढची बोली १५७ला जायला हवी. भाव सत्तावन्न टक्के चढला की तू फक्त बरोबरीत! डीलरला विकलंस तर तो विक्रीच्या किमतीच्या निम्मे, फार तर साठ टक्के देईल.

मग पैसा कुठे आहे? पदकाच्या कडेवर. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कडेवर. चांदीची सुमारे ६५ लाख निघाली, ब्राँझची जेमतेम १ लाख १० हजार, मुख्यतः चिनी, भारतीय वगैरे मजूर तुकड्यांसाठी. काळवंडलेली चांदी आणि ब्राँझ फोटोत सारखीच दिसतात, आणि घरातलं सामान विकायला काढणाऱ्याला हा फरक बहुधा माहीत नसतो. १९८०ला चांदीचा भाव भडकला तेव्हा चांदीची पदकं ढिगाने मोडीत गेली. मागे राहिलं जोडीतलं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. म्हणून ते एकटं स्वस्त मिळतं, आणि एकटं विकलंही स्वस्तच जातं. पुरा संच फोडून सुटा विकणाऱ्याकडून घेऊ नकोस.

कॅलिपरने व्यास तीन-चार दिशांनी मोज. मूळ नाव घासून दुसरं घातलं असेल तर नावाच्या जागी माप कमी भरतं. मग दहापट भिंग आणि तिरपा उजेड. महायुद्धाच्या पदकांवर अक्षरं ठोकलेली असतात, त्यामुळे अक्षराच्या काठाशी धातू किंचित उचललेला दिसतो. कोरलेल्या अक्षरात छिन्नीची धार दिसते. पण कोरलेलं म्हणजे खोटं, असं धरून बसू नकोस. १९०८च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर देशी पलटणींची नावं वळणदार अक्षरांत कोरलेलीही असतात. त्या पदकाच्या पट्ट्यांचे (फितीवर मोहिमेचं नाव सांगणाऱ्या धातूच्या पट्ट्या) रिव्हेट मात्र नीट बघ. मलबार १९२१-२२ची पट्टी कमी मिळते, त्यामुळे ती साध्या पदकावर मागाहून चढवण्याचा मोह होतो. चकचकीत नवे रिव्हेट दिसले, तर ती पलटण त्या मोहिमेवर होती का ते पलटणीच्या इतिहासात शोध.

तुझ्या त्या डीलरने चिठ्ठीवर ‘कुत’ लिहिलंय, माझी शंका तिथे आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजचं इराक) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ला शरण गेल्या, हे खरं. पण पलटण नंतर पुन्हा उभी केली, आणि मागाहून आलेल्यांच्या पदकाच्या कडेवरही तेच ११० मराठा. हा शिपाई वेढ्यात होता हे पदक सांगत नाही. युद्धकैद्यांच्या किंवा जखमींच्या यादीत नंबर आणि नाव दोन्ही जुळलं तरच त्या शब्दाचे पैसे दे. नाहीतर तो शब्द वजा करून भाव कर.

घेतलेलं पदक पॉलिशने घासू नकोस. अक्षरांच्या कडा बोथट होतात, किंमत उतरते. जुनी फीत विटलेली असली तरी जपून ठेव.

आणि साताऱ्याकडून कुणी ‘घरातलं मेडल तिकडे नेऊन विक’ म्हणालं तर सरळ नाही म्हण. भारताच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांची शंभरी भरली आहे.

त्या जोडीच्या कडांचे फोटो पाठव, फिरवत फिरवत, पूर्ण नाव येईल असे. फ्लॅश नको.

तुझी,
आई